वाव

झ्विनच्या खाडीत तीस वर्षं मी पाणी जोखलं.
शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला बोटभर चरबी,
दोरीला वावावावावर गाठी.
गोळा सोडायचा, तळ लागला की गाठी मोजायच्या
आणि चरबीला काय चिकटून आलंय
ते नखानं खरवडून बघायचं.
बापाच्या वेळी शिंपले यायचे.
माझ्या वेळी आधी वाळू,
मग राखाडी, लोण्यासारखं मऊ काहीतरी.
त्याला वास होता
बंद घराचा.

लोक म्हणतात, समुद्र ब्रूजवर रुसला.
समुद्र कशाला रुसेल?
तो दिवसातून दोनदा आत यायचा
आणि परतताना खाडी झाडून जायचा.
त्याची पसरायची जागा मठांनी बांध घालून घेतली,
मेंढ्या सोडल्या.
लोकर छान निघाली, खोटं कशाला बोलू,
माझ्याही अंगात तीच आहे.

नगरकचेरीत खेराट कारकून विचारायचा,
पाणी किती?
ओहोटीला दीड वाव, मी म्हणालो.
त्यानं लेखणी उचललीच नाही.
पौर्णिमेच्या भरतीला मोज, म्हणाला,
आणि दोन नाणी पुढं सरकवली.

मी मोजलं.
तीन वाव, वर एक हात.
तेवढंच वहीत गेलं.
त्या रविवारी लिस्बेटनं बदक रांधलं
आणि आम्ही दारं लावून, हाडं चोखून खाल्लं.

नंतर कुणी सांगावं लागलं नाही.
दर वर्षी मी आपणहून पौर्णिमेची वाट बघायचो.

तिकडे पूर्वेला अँटवर्प.
आम्ही त्याला जत्रेचं गाव म्हणायचो,
वर्षातून दोनदा जागं होणारं.
इंग्रजांचं कापड आम्ही वेशीवर अडवलं,
आमच्या विणकरांच्या पोटासाठी;
त्यांनी ते उतरवून घेतलं, रंगवलं, विकलं.
आमच्याकडे परक्यानं आडत्याशिवाय गोणीला हात लावायचा नाही,
आडत्या आमचा, काटा आमचा,
शिक्का आमचा, आणि शिक्का मारणारा जेवायला गेलेला.
तिकडे शेल्डच्या काठी गाळे,
कुणीही यावं, फळी टाकून बसावं.
तिकडे गाळे, इकडे गाळ.
एका मात्रेचा फरक;
पण ती मात्रा आम्हाला कधी लागू पडली नाही.

दक्षिणेचे व्यापारी बिऱ्हाडं हलवत होते
त्याच सुमाराला आम्ही घंटाघरावर आणखी एक मजला चढवला.
म्हणाले, जहाजांना लांबून दिसेल.
दिसायचाच.
जहाजं तो बघत बघत
पुढं निघून जायची.

योस, आमचा थोरला, गेला तेव्हा
लिस्बेट म्हणाली, जाऊ दे,
इथं त्याला वाव नाही.
मला हसू आलं. मग नाही आलं.
दीड वाव होता ना, मी म्हणालो.
ती काहीच बोलली नाही.
ते बदक तिनंही खाल्लं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो.
धक्क्यावर मिऱ्यांची पोती, साखरेच्या पेट्या,
चार भाषांत चाललेली घासाघीस,
आणि माझा पोरगा अंगठी घातलेल्या बोटानं
हमालांना दिशा दाखवतोय.
अभिमान वाटला. आणि तोंड कडू झालं.
दोन्ही एकदमच.

सवयीनं गोळा बरोबर आणला होता.
धक्क्याच्या टोकावरून सोडला.
दोरी सुटत राहिली, गाठीमागून गाठ,
तळहात भाजला.

शेजारी एक तरुण वाटाड्या टेकून उभा होता.
त्याला विचारलं, तुम्ही कधी मोजता?
भरतीला की ओहोटीला?

तो हसला. आजोबा, म्हणाला,
एवढं पाणी असताना
मोजतंय कोण?

मी दोरी ओढून घेतली.
चरबीला चिकटून आलं होतं ते
पाठमोरा होऊन
दोन बोटांत चोळून बघितलं.
योस हाक मारत होता, जेवण थंड होतंय म्हणून.
आलो म्हणालो,
आणि हात धुऊन टाकले.